दगडाची माती



एका शेतकऱ्याच्या तोंडचा प्रश्न घेऊन मी आज आपल्यापुढे आलो आहे. गावाच्या पारावर चार मंडळी बसलो होतो. बोलता बोलता विषय जमिनीवर आला. एक वयोवृद्ध गृहस्थ होते, सारे गाव त्यांना आबा म्हणते. ते म्हणाले, "आमच्या वरच्या पट्टीत मी पोरगा होतो तेव्हा नांगराचा फाळ बुडेल एवढी माती होती. आता कुळव धरला की मुरूम खरवडतो. तुम्ही शिकलेली माणसे सांगता, दगडाचीच माती होते. मग ह्या मुरमाची पुन्हा माती होईल की नाही?"

मंडळी हसली. पण प्रश्न हसण्याजोगा नव्हता. त्याचे उत्तर 'होय' असेही आहे आणि 'नाही' असेही आहे. ते कसे, हे समजण्यासाठी दगडाची माती कशी होते आणि किती दिवसांत होते, हे आधी पाहिले पाहिजे.

ह्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या शिवारात कोठे नवी विहीर खणली जात असेल तर तिच्या काठावर उभे राहा आणि आत पाहा. सगळ्यात वर हात-दोन हात काळी माती दिसेल. तिच्याखाली पिवळसर, चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेली माती. मग मुरूम, टिकावाने सहज निघणारा. त्याच्याखाली अर्धवट नरमलेला खडक, त्याला पहार लागते. आणि शेवटी काळा पाषाण. तेथे सुरुंगावाचून काम चालत नाही. विहीर खणणारा माणूस वरून खाली जातो. निसर्गाचे काम मात्र खालून वर वाचायचे असते. तळाचा पाषाण हा कच्चा माल. मुरूम म्हणजे अर्धे झालेले काम. आणि वरची काळी हा तयार माल. दगडाची माती होण्याच्या साऱ्या पायऱ्या एकाच विहिरीत एकाखाली एक दिसतात.

आता हा काळा पाषाण आला कोठून? महाराष्ट्राचा बहुतेक भाग ह्याच दगडाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हारस बाहेर आला आणि दूरवर पसरला. तो निवून त्याचा खडक झाला. पुन्हा रस आला, पुन्हा थर बसला. असे थरावर थर साचले. आजही ह्या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापलेला आहे. सह्याद्रीचे कडे पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ते ह्याच थरांमुळे. घाटाच्या रस्त्याने जाताना दोन थरांच्या मध्ये गेरूसारखी तांबडी पट्टी पुष्कळ ठिकाणी दिसते. खालचा थर निवून त्याची झीज होऊ लागली होती, तोच वरून दुसरा तप्त थर आला आणि ती माती भाजून निघाली. म्हणजे पाहा, दगडाची माती करण्याचा उद्योग त्याही काळी चालूच होता!

ह्या दगडाला शास्त्रात बेसाल्ट म्हणतात. तो किती चिवट आहे हे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर गेलेल्यांना विचारावे. अजिंठ्याची काही लेणी अपुरी राहिलेली आहेत. तेथल्या भिंतींवर छिन्नीचे घाव दीड हजार वर्षांनंतरही स्पष्ट दिसतात. मग असा दगड मऊ होतो तरी कसा? त्याला तीन गडी लागतात. एक ऊन, दुसरा पाणी आणि तिसरा सजीव सृष्टी.

पहिला गडी ऊन. वैशाखात उघडा कातळ दिवसभर तापतो आणि रात्री निवतो. तापला की किंचित फुगतो, निवला की आकसतो. असे वर्षानुवर्षे होत राहिले की त्याला बारीक चिरा पडतात. शिवाय लाव्हारस निवताना आकसल्यामुळे ह्या खडकात जन्मापासूनच भेगा असतात. हिमालयात ह्या कामाला बर्फाची जोड मिळते. भेगेतले पाणी गोठले की सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि पाचर ठोकल्यासारखा दगड फोडते. आपल्याकडे बर्फ नाही. आपल्याकडे मुख्य कारागीर दुसरा आहे.

तो दुसरा गडी म्हणजे पाणी. पावसाचे पाणी हवेतून येताना कर्बाम्ल वायू थोडासा विरघळवून घेते. मातीतून झिरपताना मुळांच्या श्वासातला हाच वायू त्याला आणखी मिळतो. त्यामुळे ते किंचित आंबट होते. इतके किंचित की जिभेला कळत नाही. पण दगडाला कळते! दगडातले फेल्डस्पार नावाचे खनिज ह्या पाण्याने हळूहळू बदलते आणि त्याची चिकणमाती होते. दगडातल्या लोखंडाला हवापाणी लागले की ते गंजते, जसा आपला पावसात राहिलेला कोयता गंजतो. मुरूम तांबूस-पिवळा दिसतो तो ह्या गंजामुळे. दगडातला चुना पाण्याबरोबर खाली उतरतो आणि कोरड्या मुलखात खालच्या थरात साचून खडे धरतो. हीच आपली चुनखडी.

मुरमाच्या खाणीत किंवा रस्त्याच्या कडेच्या उभ्या कापात तुम्ही गोल गोल धोंडे पाहिले असतील. हाताने सोलले तर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर निघतात आणि मध्ये टणक काळा गड्डा राहतो. हे धोंडे नदीने आणलेले नव्हेत, जागच्या जागी झालेले आहेत. भेगांमुळे खडकाचे चौकोनी ठोकळे पडतात. भेगांतून पाणी येऊन ठोकळ्याला चहूकडून लागते. सपाट बाजूवर ते एकाच अंगाने काम करते, कडेवर दोन अंगांनी, तर कोपऱ्यावर तीन अंगांनी. म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनी ठोकळा गोल होतो.

दगड जितका फुटेल तितके पाण्याला काम करायला अंग जास्त मिळते. शाळेतल्या मुलांना हे गणित घालावे. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस फूट होतात. आता त्याचे एकेक इंचाचे तुकडे करा. तुकडे झाले १,७२८ आणि त्यांच्या बाजू मिळून भरल्या ७२ चौरस फूट. दगड तेवढाच, पण पाण्याला लागणारे अंग बारापट झाले.

तिसरा गडी सजीव सृष्टी. आपल्या काळ्या मसाल्यातले दगडफूल सर्वांच्या परिचयाचे आहे. ते फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ ह्या दोघांनी भागीत थाटलेला तो संसार आहे. अशी दगडफुलाची भावंडे उघड्या कातळावर चिकटून राहतात आणि आपल्या आम्लांनी त्याचा पृष्ठभाग कोरतात. मागून शेवाळ येते, गवत येते. भेगेत पिंपळ रुजतो आणि किल्ल्याचा बुरूजही उकलतो, मग कातळाची काय कथा! ही झाडेझुडपे मरतात, कुजतात, त्यांचे खत दगडाच्या चुऱ्यात मिसळते. त्यात जिवाणू वाढतात, गांडुळे येतात आणि वरखाली कालवाकालव करतात. चार्ल्स डार्विन ह्या शास्त्रज्ञाने १८८१ साली गांडुळांवर एक सबंध पुस्तक लिहिले. इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी एका एकरातली दहा टनांहून अधिक माती दरसाल गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा हिशेब होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दगडाचा नुसता भुगा म्हणजे माती नव्हे. खडीच्या मशीनखाली पडलेल्या कचीत ज्वारी पेरून पाहा. ती जोमाने वाढणार नाही. भुग्यात चिकणमाती व्हावी लागते, तीत कुजलेला पाला मुरावा लागतो, हवापाण्याला जागा व्हावी लागते, जीवजंतू नांदावे लागतात. तेव्हा तिला माती हे नाव मिळते.

दगड जागच्या जागी असा नरमतो ह्याला भूगोलाच्या पुस्तकात 'विदारण' म्हणतात. पण एकाच दगडाची माती सगळीकडे सारखी होत नाही. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. इतक्या पाण्याने दगडातला चुना आणि इतर क्षार धुऊन जातात. लोखंड नि अॅल्युमिनियम तेवढे मागे राहते. त्याचा झाला जांभा. पाचगणीचे पठार जांभ्याचे आहे. सोलापूरकडे मूळ दगड तोच, पण पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास. तेथे क्षार धुऊन जात नाहीत आणि फुगणारी, आकसणारी चिकणमाती तयार होते. तीच आपली कापसाची काळी. पावसाळ्यात ती पायाला धरते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिचा काळा रंग पाहून तीत खत भरपूर आहे असे मात्र समजू नये. ह्या जमिनींत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही खाली असतो.

शिवाय उताराप्रमाणे माती बदलते, हे तर तुम्हीच आम्हाला सांगाल. माळावर बरड, मधल्या टप्प्यावर मध्यम आणि ओढ्याकाठी भारी काळी. दगड एक, पाऊस एक; पण वरची माती खाली उतरते आणि खालच्याचे धन वाढते. रशियातील डोकुचाएव ह्यांनी १८८३ साली तिकडच्या काळ्या जमिनीवर ग्रंथ लिहून मातीचे शास्त्र उभे केले. पुढे १९४१ साली हान्स येनी ह्या शास्त्रज्ञाने मातीचे पाच घडविणारे सांगितले. मूळ खडक, हवामान, सजीव, जमिनीचा उंचसखलपणा आणि काळ. आपल्या आबांच्या प्रश्नाचे उत्तर ह्या पाचव्यात आहे.

काळ किती? एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. टणक कातळावर आणि कोरड्या मुलखात ह्याहूनही अधिक लागतात. आपण हिशेबापुरती पाचशे वर्षे धरू. म्हणजे एक मिलिमीटर मातीला पन्नास वर्षे झाली. तुमच्या रानात मुरमावर फूटभर माती असेल, तर ती पंधरा हजार वर्षांची ठेव आहे. एवढी जुनी ठेव कोणत्याही सावकाराच्या पेटीत सापडणार नाही.

आता खर्चाची बाजू पाहू. मोकळ्या रानात वळवाचा पाऊस पडतो तेव्हा मोठा थेंब ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आदळतो. पहिल्या पावसानंतर आपल्या घराच्या भिंतीचा खालचा भाग पाहा. हात-दीड हात उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे असतात. ही माती कोणी फेकली? थेंबांनीच. भिंतीपाशी जे दिसते तेच सबंध रानात होत असते. तेथे दाखवायला भिंत नसते एवढेच. सुटलेले कण पाण्याबरोबर उताराने निघतात. आधी पातळ थर जातो, तो कोणाला कळत नाही. मग बोटाएवढ्या ओघळी पडतात, त्या कुळवाने बुजतात आणि आपण विसरतो. एके वर्षी घळ पडते, तेव्हा डोळे उघडतात. पण खरे नुकसान घळीने नव्हे, तर त्या न दिसणाऱ्या पातळ थराने केलेले असते. कारण सगळ्यात आधी वाहतात ते बारीक कण आणि खत, म्हणजे मातीचे लोणी. मागे खडे राहतात. ह्या वाहून जाण्याला आपण धूप म्हणतो. विदारण माती घडविते, धूप ती नेते.

एकरभर रानातून एक मिलिमीटर माती गेली, तर डोळ्यांना फरक दिसत नाही. पण ती वजन केली तर सुमारे पाच टन भरते. १९८३ साली डेहराडूनच्या मृद् व जलसंधारण संशोधन संस्थेतील ध्रुवनारायण आणि राम बाबू ह्या शास्त्रज्ञांनी साऱ्या देशाचा अंदाज काढला. तो हेक्टरी दरसाल १६.४ टन, म्हणजे एकरी सुमारे साडेसहा टन निघाला. जाडीत मोजले तर वर्षाला मिलिमीटरहून थोडे जास्त. आणि ही झाली सरासरी. नांगरलेल्या, उताराच्या, उघड्या रानात हा आकडा कितीतरी वाढतो.

आता जमाखर्च मांडा. जमा पन्नास वर्षांत एक मिलिमीटर. खर्च एका वर्षात तेवढाच किंवा अधिक. असा संसार कोणी घरी करील का? आबांच्या वरच्या पट्टीत त्यांच्या एका हयातीत मुरूम का उघडा पडला, हे आता वेगळे सांगायला नको.

तेव्हा आबांना उत्तर असे. आबा, मुरमाची माती होते, आताही होते आहे, तुम्ही झोपला असता तेव्हाही होते आहे. पण ती तुमच्यासाठी नाही, नातवासाठी नाही, त्याच्या नातवासाठीही नाही. माती करणे आपल्या हातात नाही. माती ठेवणे मात्र आपल्याच हातात आहे.

ते कसे, हे थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, मशागत आणि पेरणी उताराला आडवी करावी. उताराच्या दिशेने काढलेले तास म्हणजे पाण्याला दाखविलेली वाट. आडवे तास हा एकेक लहान बांधच असतो. पाण्याचा वेग मोडला की माती वाहण्याची त्याची ताकद कितीतरी पटींनी कमी होते.

दुसरी गोष्ट बांधाची. आपल्याकडे ताली घालण्याची रीत जुनी आहे. मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि दुष्काळी जिल्ह्यांत समपातळीवर बांध घालण्याची मोठी कामे निघाली. बांध समपातळीतच असावा आणि त्याला दगडी सांडवा ठेवावा. सांडव्यावाचूनचा बांध जोराच्या पावसात फुटतो आणि एका रात्रीत दहा वर्षांची माती नेतो. बांधावर गवत राहू द्यावे. चार तास वाढतात म्हणून बांध कोरणारा शेतकरी पसाभर धान्यासाठी कणगी फोडतो.

तिसरी गोष्ट, जमीन उघडी ठेवू नये. बाजरीत मटकी किंवा हुलगा घेण्याची रीत वाडवडिलांनी उगाच घातली नाही. ही पसरणारी पिके थेंबांचा मार आपल्या पानांवर झेलतात. पाचट नि धसकटे जाळण्याऐवजी रानातच मुरू द्यावीत. वरच्या माळावर गवत टिकले, तर खालच्या रानात घळ पडत नाही. म्हणून माळाची चराई आवरणे आणि तेथे समपातळीवर चर काढणे हे सबंध गावाने मिळून करायचे काम आहे. एकट्याने आपला बांध घालून भागत नाही, कारण पाणी सातबारा वाचून वाहत नाही.

आणि चौथी गोष्ट. गेलेली माती सगळीच समुद्राला मिळत नाही. पुष्कळशी गावतळ्यात, पाझर तलावात आणि धरणात साचते. २०१७ साली महाराष्ट्रात धरणांतला गाळ शेतांत नेण्याची योजना सुरू झाली. उन्हाळ्यात असा गाळ बरड रानात पसरला, तर वाहून गेलेली ठेव काही अंशी परत येते. मात्र गाळ टाकण्याआधी तो तपासून घ्यावा आणि रानाचे बांध दुरुस्त करावेत. नाहीतर यंदा आणलेला गाळ पुढच्या आषाढात पुन्हा तळ्यात जाईल.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. हा धडा फळ्यावर शिकवू नका, बाहेर न्या. मुलांना विहीर दाखवा, मुरमाची खाण दाखवा. काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. आधी वाळू बसेल, मग पोयटा, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवील. चुनखडीची पूड करून तिच्यावर लिंबू पिळा. फेस येईल. म्हणजे आंबट पाणी दगडाला कसे लागते ते मुलांना डोळ्यांनी दिसेल. दोन फळकुटे सारख्या उताराने ठेवा. एकावर नुसती माती आणि दुसऱ्यावर गवताची लादी ठेवून झारीने सारखेच पाणी घाला. खाली आलेले पाणी दोन पेल्यांत धरा. त्या दोन पेल्यांचा रंग ती मुले मोठेपणीही विसरणार नाहीत, आणि त्यांतलीच काही उद्या बांध घालायचा की कोरायचा हे ठरविणार आहेत.

आपल्या बोलण्यात 'संसाराची माती झाली' म्हणजे वाटोळे झाले असा अर्थ आहे. दगडाची माती होते तेव्हा मात्र माणसाचा संसार उभा राहतो. येत्या पावसात, जोराची सर येऊन गेल्यावर, आपल्या ओढ्यावर जाऊन उभे राहा. पाणी गढूळ लाल-काळे वाहत असेल तर समजा, कोणाच्या तरी रानाची पंधरा हजार वर्षांची ठेव चालली आहे. ते रान आपले तर नाही ना, एवढे मागे वळून पाहा.